कोरमंगल्याची बिनरंगी शिबंदी

ज्या बंगळुरात शहाजीराजांनी विजापूरकरांकडून मिळालेली जहागीर सांभाळली, त्याच नगरीच्या कोरमंगला नामक भागात, सदनिकेच्या सातव्या मजल्यावर, एखादा संगणकनिपुण मराठी बंधू अपरात्री भिंगाखाली २८ मिलिमीटर उंचीच्या जर्मन शिपायाच्या गणवेशाला करडा रंग देत बसतो, तेव्हा त्याच्या एकाग्रतेपुढे समाधिस्थ योग्यानेही मान तुकवावी. हे शिपाई ज्या युद्धखेळासाठी असतात, तो प्रशियाच्या लेफ्टनंट राइसवित्झने १८२४ साली सेनाधिकाऱ्यांच्या व्यूहशिक्षणार्थ नियमबद्ध केला आणि एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून तो दिवाणखान्यात आणला. आमच्या बंधूने त्यातले युद्ध तेवढे वगळून केवळ फौजभरती चालू ठेवली आहे. पेट्यांत बंदिस्त अशी ही बिनरंगी शिबंदी कपाटात दरसाल वाढते. तिचा हजेरीपट कोणी ठेवत नाही, आणि खर्चाचा ताळेबंद तर गृहस्वामिनीच्या नजरेस पडूच नये अशी तजवीज असते. ‘टायगर’ रणगाड्याच्या पट्ट्यावरचा चिखल रशियाचा की नॉर्मंडीचा, यावर तो प्रहरभर वाद घालील; परंतु १९६५च्या भारत-पाक युद्धात पूना हॉर्स या रिसाल्याचे सेंच्युरियन रणगाडे फिलोऱ्याच्या रणांगणी नेणारे, परमवीरचक्राचे मानकरी अर्देशीर तारापोर यांचे नाव काढा, की तो खिडकीबाहेर पाहू लागतो. दिवाळीत मुलाने गॅलरीत रचलेल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे त्याला प्रमाणबद्ध वाटत नाहीत. पहारेकरी बुरुजाहून उंच कसा, ही त्याची तक्रार. त्याच मावळ्यांनी पाडव्याच्या सकाळी त्याचा एक टायगर बिनदिक्कत पाडाव केला.