प्रयोगशाळेच्या कुलपास खुले पत्र

कुलपा,

तुला ‘स. न. वि. वि.’ लिहिणार नाही. तेवढा मान मिळावा असे तू काही केलेले नाहीस.

दहावीच्या विज्ञानाचे 100 गुण; त्यातले 80 लेखी, 20 प्रात्यक्षिकाचे. तू वर्षभर जागचा हलत नाहीस, तरी ते 20 गुण गुणपत्रिकेत बिनचूक पोचतात. ज्या पोराने चंचुपात्र हातात धरलेले नाही, तो शेजाऱ्याच्या वहीतून साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान उतरवून काढतो. न पाहिलेल्या गोष्टीचे निरीक्षण लिहायला लावणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे. आणि ते तू विज्ञानाच्या नावाखाली शिकवतोस.

तेही कुठे, तर नीरा डाव्या कालव्याच्या काठी! पाणी आले, ऊस वाढला, निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि जमिनी खारवट होत गेल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या जमिनींचा अभ्यास 1910 सालीच प्रसिद्ध केला. आजही बारामती-इंदापुरात पांढरी पडलेली पट्टी दाखवायला लांब जावे लागत नाही. ती माती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळायची, गाळायची, थोडे सौम्य नायट्रिक आम्ल घालायचे आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. क्लोराइड असले की पांढरा साका धरतो. शेजारी चांगल्या रानातली माती तपासून ताडून पाहायचे. हे एका तासाचे काम आहे. त्या संध्याकाळी पोरगी बापाला विचारेल, ‘आबा, आपल्या रानात चर का नाही काढला?’ पण सिल्व्हर नायट्रेटची बाटली तुझ्या पलीकडे आहे.

सरांना आणि बाईंना मी दोष देणार नाही. परीक्षानळी फुटली की जडसंग्रह नोंदवहीत एक नग कमी, मग निर्लेखनाचा प्रस्ताव आणि त्यावर शेरे. कपाट उघडलेच नाही तर तपासणीला सगळे नग जागेवर! प्रयोगशाळा सहायक नसेल तर मांडामांड आणि धुणेही त्यांच्याच गळ्यात. वर ऑनलाइन माहिती भरणे आणि सर्वेक्षणे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नका, असे स्पष्ट सांगते.

बारामतीत जून 2022 मध्ये राजीव गांधींच्या नावाचे विज्ञान केंद्र सुरू झाले. उत्तम झाले, पोरांनी जरूर जावे. पण तिथली सहल वर्षातून एकदा. शाळेतला विज्ञानाचा तास आठवड्यातून कितीतरी वेळा.

तुझ्याशी बोलून उपयोग नाही, म्हणून किल्लीवाल्यांना सांगतो. मुख्याध्यापकहो, संस्थाचालकहो, काचसामान वापरले की फुटणारच. दरवर्षी किती फूट चालेल ते लेखी ठरवा, भरपाई शाळेच्या खर्चात धरा आणि विज्ञान शिक्षकाला इतर कामांतून मोकळे करा. आणि पालकहो, पुढच्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी एवढेच विचारा: या महिन्यात प्रयोगशाळा किती दिवस उघडली?

– एक पालक