शिळ्या पात्रांना ताजी फोडणी

फोडणीच्या पोळीला आदल्या दिवशीच्या पोळ्या लागतात, तशी सिक्वेलला आदल्या पिढीची गाजलेली गोष्ट. कणीक आपण मळलेली नसते, एवढं मनाशी कबूल केलं की पुढचं सोपं. नमुन्याला के. डब्ल्यू. जीटर यांची १९९५ ची कादंबरी घेऊ, ‘ब्लेड रनर २ : द एज ऑफ ह्यूमन’.

साहित्य

फिलिप के. डिक यांची १९६८ ची कादंबरी ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ – एक. तिच्यावरून रिडली स्कॉट यांनी काढलेला ‘ब्लेड रनर’ (१९८२) – एक. रेप्लिकंट, म्हणजे चार वर्षांचं आयुष्य देऊन कारखान्यात घडवलेली माणसं – सापडतील तेवढी. त्यांना हुडकून मारणारा डेकार्ड – एक, दमलेला. (मारण्याला तिथे ‘निवृत्त करणे’ म्हणतात. पेन्शन नाही.) पाऊस – चवीपेक्षा जास्त. मूळ लेखकाशी मैत्री – असल्यास उत्तम. जीटर यांची होती; पण डिक चित्रपट लागण्याआधीच, मार्च १९८२ मध्ये वारले. त्यामुळे चव बघायला घरात कोणी नव्हतं.

कृती

१. कादंबरी आणि चित्रपट एकाच पातेल्यात ओता. कादंबरीतला डेकार्ड सॅन फ्रान्सिस्कोत राहतो. घरात बायको, गच्चीवर विजेची मेंढी. चित्रपटातला लॉस एंजेलिसमध्ये एकटा. गुठळ्या होणारच, घाबरू नका. कादंबरीतल्या आयसिडोरचा चित्रपटात सेबॅस्टियन झाला होता. जीटर यांनी दोघांनाही घेतलं. म्हणजे एकाच मुलाचं पाळण्यातलं नाव आणि शाळेतलं नाव हजेरीपटावर दोन मुलं म्हणून लावलं. त्यातला सेबॅस्टियन चित्रपटातच मेला होता, हे फार मनावर घेऊ नये.

२. नाशवंत पात्रं नीट साठवा. डेकार्डची प्रेयसी रेचल हीही रेप्लिकंटच, तिची मुदत संपत आली आहे. तिला रेप्लिकंट वाहून नेण्याच्या पेटीत झोपवा, पेटी जंगलातल्या झोपडीत ठेवा आणि अधूनमधून थोडा वेळ उठवा. शिल्लक आमटीचंही आपण हेच करतो.

३. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी मात्र चित्रपटात पावसात भिजत मेला आणि प्रेक्षकांना चटका लावून गेला. तो परत हवा असेल तर म्हणावं, मेली ती नक्कल. ज्याच्यावरून ती पाडली तो अस्सल माणूस शाबूत आहे. रेचलचाही साचा काढा : सारा टायरेल, कारखानदाराची पुतणी. ही युक्ती मिठासारखी वापरावी. दोन चिमटी झाल्या, आता डबा बंद.

४. आता खरी मेहनत. मूळ गोष्टीत खडा शोधा. स्वयंपाकात खडा काढून टाकतात. सिक्वेलमध्ये खडाच शिजवायचा असतो. चित्रपटात पोलीस अधिकारी ब्रायंट सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले, एक विजेच्या झटक्याने मेला. उरले पाच. पडद्यावर दिसतात चार : रॉय, प्रिस, झोरा, लिऑन. मेरी नावाची आणखी एक पटकथेत होती, तिला गाळलं. आकडा दुरुस्त करायचा राहिला. प्रेक्षक वर्षानुवर्षं या वजाबाकीवर वाद घालत बसले.

जीटर यांनी तोच खडा मंद आचेवर ठेवला. सारा डेकार्डला सांगते, सहावा शोधून दे. तिकडे अस्सल बॅटी, चित्रपटाच्या सुरुवातीलाच गोळी खाल्लेल्या, डेकार्डच्याच धंद्यातल्या होल्डनला नवं काळीज आणि फुप्फुसं बसवून आणतो आणि त्यालाही त्याच कामाला लावतो. होल्डनचा निष्कर्ष : सहावा म्हणजे खुद्द डेकार्ड. चुकलेल्या एका आकड्यावर अख्खी कादंबरी उभी राहते. बरोबर सुटलेल्या गणितावर एक पानसुद्धा निघालं नसतं.

टीप

खडा सापडल्यावर पानं लवकर वाढा, कारण मूळ घरचे लोक कधी तांदूळ निवडायला बसतील सांगता येत नाही. २००७ मध्ये चित्रपटाची ‘फायनल कट’ आवृत्ती आली आणि तीत ब्रायंटच्या तोंडचा आकडा बदलला. आता झटक्याने मेले दोन. सहातून दोन गेले, उरले चार. हिशेब चोख, आणि बारा वर्षांपूर्वीची एक कादंबरी बसल्या जागी निवृत्त.

म्हणून हा पदार्थ १९८२ च्या प्रतीसोबतच वाढावा. तिच्यात ब्रायंट अजून चुकतो.