पाण्याचे वैरी अण्णा

डोंबिवलीत राहायचं, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत जायचं आणि काम करायचं ॲनायनिक पॉलिमरायझेशनचं, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत निसर्गाशी उघड भांडण. अण्णा ते नेमानं भांडतात. भिजलेली छत्री घेऊन कुणी दारात आलं की ते आधी छत्रीकडे बघतात, मग माणसाकडे.

त्यांचा हिशोब सरळ आहे. पन्नास हजार रेणूभाराचं पाच ग्रॅम पॉलिस्टायरीन करायचं, तर साखळ्या सुरू करणारं ब्युटिललिथियम अगदी थेंबभर लागतं. ते सगळं मारायला दोन मिलिग्रॅमसुद्धा पाणी लागत नाही. सोसायटीच्या सभेत लोक गच्चीच्या गळतीचा हिशोब बादल्यांत मांडतात, अण्णा मिलिग्रॅममध्ये.

म्हणून काचेची भांडी निर्वातात ज्योतीनं तापवायची. टीएचएफ हे द्रावक सोडियम आणि बेंझोफेनोनवर उकळत ठेवायचं. त्याला गडद निळा-जांभळा रंग चढला आणि टिकला, की पाणी-प्राणवायू गेले असं समजायचं. तोवर अण्णा चहा घेत नाहीत. तोटीवर त्यांचा विश्वास नाही. कुप्या वितळवून बंद केलेल्या. आतला पातळ काचेचा पडदा फोडायचा, तोही बाहेरून चुंबकानं, काचेत मढवलेला लोखंडाचा तुकडा आपटून. घरीही रवा, जिरं, पापड, सगळ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या. "अहो, पापड आहेत ते, मोनोमर नाहीत," असं काकू म्हणतात. अण्णा झाकण आणखी घट्ट करतात.

नवा पोरगा एकदा म्हणाला, "अण्णा, एवढं सोवळं कशाला? साधी रॅडिकल पद्धत वापरू ना."

"रॅडिकल म्हणजे कसारा लोकल. कुणी टिटवाळ्याला चढतो, कुणी कल्याणला, कुणी मधेच उतरतो. साखळ्या लांब-आखूड. आपल्यात सगळे कल्याणला एकदम चढतात आणि मी मेथॅनॉल घालेपर्यंत एकही उतरत नाही."

"पण बसायला मिळतं का?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. न मरणाऱ्या या साखळ्यांना मायकल श्वार्त्स यांनी 1956 साली 'जिवंत' म्हटलं, पुण्याच्या एनसीएलमध्ये शिवराम आणि बास्करन यांनी मिथाइल मेथॅक्रिलेटवर हेच तंत्र चालवलं, याच रसायनावर शेलचं क्रेटन रबर उभं राहिलं, हे त्याला पुढच्या आठवडाभरात ऐकावं लागलं.

स्टायरीन पडलं की फ्लास्क नारिंगी-लाल होतो. तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते काकूंनी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. मेथॅनॉल पडताच रंग जातो, चेहरा पूर्ववत. मग साखळ्यांची लांबी दाखवणारा जीपीसीचा आलेख: एकच निमुळतं शिखर, पॉलिडिस्पर्सिटी 1.04. लोक नातवाचे फोटो दाखवतात तसा हा ते मोबाइलवर दाखवतात.

मॅनेजरनं विचारलं, "किती किलो झालं?"

"पाच ग्रॅम."

"आणि वेळ?"

"तीन आठवडे. पण सगळे सारखे!"

यंदा सोसायटीनं पाणी समितीचं अध्यक्षपद एकमतानं अण्णांना दिलं. पाण्यावर इतका बारीक डोळा दुसऱ्या कुणाचा आहे? पहिल्याच बैठकीत जादा टँकर मागवायचा ठराव आला. अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पण एवढं पाणी हवंय कशाला?"