रिकाम्या कोठाराची रोजंदारी

आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात, लेक्सलिपजवळ, धान्याचं एक जुनं दगडी कोठार आहे. भोवऱ्याला दोरी गुंडाळून तो उलटा ठेवावा, असं त्याचं रूप. वर निमुळतं होत गेलेलं अंग आणि बाहेरून वेटोळे घेत चढणाऱ्या ९४ पायऱ्या. जिना बाहेर, म्हणजे आतली जागा धान्याला मोकळी. आत एकावर एक घुमटाच्या खोल्या. प्रत्येकीच्या जमिनीला मधोमध भोक, धान्य वरखाली करायला. बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की साधं चौकोनी कोठार बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं. १७४०च्या कडाक्याच्या थंडीत साठवणीतले बटाटे गोठले, कुजले आणि पाठोपाठच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. मग १७४३मध्ये कॅसलटाउनच्या जमीनदारीणबाई कॅथरीन कॉनली यांच्या इस्टेटीवर हे कोठार उभं राहिलं. हेतू सांगतात तो असा : भुकेल्यांना काम मिळावं. तसं असेल, तर झटपट होणारं चौकोनी कोठार म्हणजे निव्वळ निर्दयपणा. भिंत जितकी वाकडी, तितके दिवस चूल पेटती. आपल्याकडच्या १९७२च्या दुष्काळात रोजंदारीवर खडी फोडलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. काम करणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये, एवढी सोय त्या वेटोळ्यांत होती. बांधणाऱ्या जॉन ग्लिनचं नावही दगडात कोरलंय; फुकट खाणाऱ्याचं नाव कोण कोरतं?

आता धान्य नाही. आसपास वसाहती आल्या, गावात इंटेलचा कारखाना आला. कोठार बसून आहे. पण कायद्याने संरक्षित. आयर्लंडच्या नियोजन कायद्यात अशा वास्तूचं नुसतं बाहेरचं अंग जपून भागत नाही. आतलं अंग आणि आवारही जपावं लागतं. तिचं रूप बदलेल असं काही करायचं तर आधी परवानगी. भेग दिसली म्हणून सिमेंट थापून मोकळं होता येत नाही. सिमेंटमागे ओल कोंडते, म्हणून चुना हवा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी हवा. त्याच्या डोक्यावर जाणकार वास्तुविशारद हवा. अशा जुन्या वास्तूत वटवाघळं निघाली, तर त्यांनाही १९७६च्या कायद्याचं संरक्षण. त्यांची पाहणी करायला आणखी एक तज्ज्ञ. राहायला येताना वटवाघळांना मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

एवढा खटाटोप एका रिकाम्या कोठारासाठी? हिशेबनीस माणूस कपाळाला हात लावेल. पण गवंडी, वास्तुविशारद, वटवाघूळतज्ज्ञ, परवानगी देणारे आणि ती अडवणारे, अशी सगळ्यांची पोटं मोजली, तर कोठार नेमून दिलेलं काम इमानाने करतंय. इथलं मस्टर १७४३ साली उघडलं, ते अजून बंद झालेलं नाही.