तळटीप आणि टाळकरी

लेख आवडला, असं संपादकांनी पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पहिल्या ओळीत असं काही असलं की दुसरी ओळ जपून वाचावी. दुसऱ्या ओळीत होतं : संदर्भसूची आमच्या शैलीनुसार नाही, तेवढी करून पाठवा. सोबत शैलीपत्रक. माझा लेख मावळातल्या पाण्याच्या जुन्या जागांवर, म्हणजे कातळातली टाकी, झरे आणि धरणं यांवर. आणि शैलीपत्रक लेखापेक्षा लांब.

आंदर मावळात श्रावणापर्यंत आवण्या उरकलेल्या असतात, पाऊस उरकलेला नसतो. वीज येऊन-जाऊन असते. तेव्हा दिवे असतील तेवढ्या वेळात मी स्वल्पविराम हलवायला बसलो. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर. वर्ष कंसात. लेखाचं नाव सरळ अक्षरात, नियतकालिकाचं तिरप्या. खंडाचा आकडा तिरपा, त्याला चिकटून कंसात येणारा अंकाचा आकडा मात्र ताठ. तो ताठ का, हे शैलीपत्रक सांगत नाही. देवनागरी तिरपी केली की वाऱ्यानं लोळलेल्या इंद्रायणी भातासारखी दिसते, पण शैलीपत्रक करणाऱ्यांनी आमचा भात पाहिलेला नसावा.

मजकुरातच कंस घालून आडनाव आणि वर्ष देण्याच्या या पद्धतीचा उगम सांगतात, तो मला मनापासून पटतो. १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात ही पद्धत पहिल्यांदा दिसते असं मानतात. गोगलगायीच्या चुलत वंशातली मंडळी पावसाळाभर आमच्या न्हाणीच्या भिंतीवर असतात. हे काम संपायला किती वेळ लागतो, याचा उलगडा त्यांच्याकडे पाहून झाला.

स्वल्पविराम तरी सोसतात. खरी पंचाईत माहिती चौकटीत बसवायची तेव्हा होते. डोंगरापलीकडे, नाणे मावळात पाले गावाजवळ एक लेणं आहे. तिथला ब्राह्मी लेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३८व्या खंडात छापला. इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणं आणि पाण्याची पोढी करवली, असं तो सांगतो. खंडावर वर्ष १९६९-७०. संगणकाच्या चौकटीला चारच आकडे हवेत. जोडवर्ष दिलं की ती लाल होते. लेखक म्हणून सांकलिया आणि गोखले आले, ते रास्तच. पण पोढी ज्यांनी खोदवली आणि तसं कातळात लिहवून ठेवलं, त्या इंद्ररक्षितांना सूचीत कुठंच जागा नाही. त्यांचं आडनाव मिळत नाही, वर्षही नाही, आणि प्रकाशक म्हणजे सह्याद्री.

मग ठोकळवाडीचं धरण. १९२२ साली झालेलं, टाटांचं. इथलं पाणी घाटाखाली भिवपुरीला पडतं, वीज होते आणि मुंबईला जाते. (आमचे दिवे का जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ज्या कंपनीनं ते बांधलं तिचं नाव कागदोपत्री ‘आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’. आमची आंद्रा नदी इंग्रजी कागदावर गेली आणि तिच्यात एक ‘ह’ शिरला. आता कुणी होतकरू अभ्यासक ‘आंध्रा’ म्हणून शोधत निघाला, तर तो गोदावरीच्या मुखापर्यंत जाऊन येईल, कान्हे फाट्याला काही उतरणार नाही. आणि मला सूचीत बदल करायची मुभा नाही, कारण नाव छापील असेल तसंच द्यायचं.

हे सगळं चाललेलं असताना शेजारचे माळकरी आले. कीर्तन करतात, म्हणून गाव त्यांना महाराज म्हणतं. पडद्यावरच्या कंसांकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “म्हंजी प्रमाणच की हो हे, सर.”

मी मान डोलावली. पण ते गेल्यावर विचार करत राहिलो. सप्ताहातल्या कीर्तनात महाराज एखादं विधान करतात आणि लगेच प्रमाण देतात : अभंगाचा एक चरण. पान नाही, आवृत्ती नाही. गाथेचा क्रमांक देऊन उपयोगही नाही, कारण एका गाथेतला क्रमांक दुसरीत जुळेलच असं नाही. तरी ते प्रमाण तपासलं जातं, आणि तेही तिथल्या तिथं. महाराजांनी चरणाला सुरुवात केली की मागचे टाळकरी पुढचे शब्द उचलतात. शब्द चुकला तर ते बरोबर शब्द गातात आणि महाराज गपचूप त्यात मिसळतात. मनानंच रचलेला चरण कुणी दिला, तर मागं शांतता. आमच्या विद्वत्तेत तज्ज्ञांकडून परीक्षण व्हायला सहा-सहा महिने लागतात, आणि तज्ज्ञ बहुधा स्वल्पविराम तपासतात.

माझ्या सूचीत दामोदर धर्मानंद कोसंबीही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत. ते धेनुकाकट कुठलं, याचा शोध कोसंबींनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५५ साली घेतला. गणिताच्या नोकरीसाठी ते डेक्कन क्वीननं पुण्याहून मुंबईला जात-येत, म्हणजे हे मावळ त्यांच्या खिडकीबाहेरून रोज दोनदा जात असे. आणि मावळ ते नुसतं खिडकीतून पाहत नव्हते, पायी हिंडत होते. पण तरुणपणी याच कोसंबींनी संदर्भ देण्याच्या शास्त्राची जी थट्टा केली, तिला तोड नाही. १९३१च्या सुमाराला, अलीगढमधले त्यांचे सहकारी आंद्रे वेल यांच्या चिथावणीवरून, त्यांनी ‘बूर्बाकी’ नावाच्या रशियन गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार करणारा लेख लिहिला. असा रशियन नव्हताच. त्याचं पहिलं प्रमेय नव्हतं, मग दुसरं कुठून असणार? तरीही संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो लेख रीतसर छापून आला. पुढं वेल आणि मित्रांनी निकोला बूर्बाकी हे टोपणनाव घेऊन जाडजूड गणिती ग्रंथ लिहिले, म्हणजे संदर्भ आधी जन्मला आणि लेखक नंतर. अलीकडे यंत्रंही न लिहिलेल्या पुस्तकांचे संदर्भ देतात, कंसाबिंसासकट निर्दोष. त्यांच्या बूर्बाकीला मात्र विनोदाचं अंग नसतं.

राहता राहिली एक आजी. धरणाच्या काठचा एक झरा मला त्यांनीच दाखवला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो उघडा पडतो. कुठल्याच ग्याझेटियरात तो मला सापडला नाही. शैलीपत्रक म्हणतं : असा वैयक्तिक संवाद सूचीत देऊ नये, कारण वाचकाला तो मिळवता येत नाही. तर्क बिनचूक आहे. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारणीचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवलीच ना? ती आज कुणालाही पाहता येते. म्हणून आजींचं बोलणं ध्वनिमुद्रित करून मी एका ग्रंथालयात ठेवून दिलं. आता तो संवाद नाही, दस्तऐवज झाला.

आडनाव आधी हवं, तेव्हा त्यांना विचारायला गेलो : माहेरचं लावू की सासरचं?

“माह्यारचं लाव. झरा माह्यारचा हाय.”

माहेरचं आडनाव ‘क’नंच सुरू होतं, त्यामुळे अकारविल्हे यादीत आजी कोसंबींच्या एक ओळ वर बसल्या आहेत. संपादकांचं उत्तर यायचं आहे.