कोडॉनदादा

बहुतेक जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत एक कोडॉनदादा असतोच. पीएचडीचं सहावं वर्ष, फेलोशिप संपत आलेली, खिशात काळा मार्कर. कुणाच्या जेलवर प्रथिनाचा बँड दिसला नाही की वास लागल्यासारखा हजर.

"सीक्वेन्स दाखव."

इन्क्युबेटर बंद पडला होता, आयपीटीजी जुनं होतं, असल्या सामान्य कारणांत त्याला रस नसतो. माणसाचा जीन ई. कोलायमध्ये घातलाय म्हटलं की चेहरा उजळतो. "हे बघ, एजीजी! आणि शेजारी एजीए!" आर्जिनिन या अमिनो आम्लाला सहा कोडॉन, म्हणजे जीनमधले तीन अक्षरी शब्द; त्यांतले हे दोन वाचणारे टीआरएनए ई. कोलायकडे मोजकेच. मग प्रथिन बांधणारा रायबोसोम तिथे ताटकळतो, क्रॉसिंगला थांबलेल्या पॅसेंजरसारखा. १९७७ साली सोमॅटोस्टॅटिनचा जीन हाताने बांधला, तेव्हाही जिवाणूला मानवणारे कोडॉन निवडले होते, हे दादा इतक्या आपुलकीने सांगतो की त्या बैठकीला तोच अध्यक्ष होता असं वाटावं.

त्याचं ऐकून बिचारी ज्युनिअर कोडॉन बदललेला जीन मागवते. तरी बँड नाही. दादा डगमगत नाही, सरळ पक्ष बदलतो.

"कोडॉनचं काही नाही गं. आरएनए सुरुवातीलाच स्वतःवर दुमडलाय. हेअरपिन! रायबोसोम बसणार कुठे?"

मग २००९ सालचा कुडला-प्लॉटकिन यांचा पेपर निघतो. एकच हिरवं चमकणारं प्रथिन, पण त्याचा जीन १५४ तऱ्हांनी लिहिलेला. अमिनो आम्ल एकही बदललं नाही, आणि उत्पादनात २५० पटींचा फरक! अर्ध्याहून अधिक फरकाचा उलगडा आरएनएच्या सुरुवातीच्या घडीवरून झाला. दुर्मीळ कोडॉनांचा तिथे फारसा संबंधच दिसला नाही. आदल्या महिन्यातलं स्वतःचं प्रवचन दादा सोयीने विसरलेला असतो. वैताग याचा की दोन्ही वेळा तो बोलतो ते खरं असतं.

त्याच्या प्रबंधाचं विचारलं की मात्र त्याला चहा आठवतो.

शेवटी ज्युनिअरने सुरुवातीचा तुकडाही बदलला. बँड आला, चांगला जाडजूड. सगळी लॅब गोळा झाली. दादाने चष्मा कपाळावर सरकवून जेल न्याहाळलं.

"सगळं पेलेटमध्ये गेलंय. विरघळलेलं काहीच नाही."

"मग आता?"

"घाई झाली. मधे रायबोसोम जरा रेंगाळला की प्रथिनाला नीट घडी पडायला वेळ मिळतो. तू सगळेच अडथळे काढलेस." त्याने मार्करचं टोपण उघडलं. "एक-दोन एजीजी परत घालून बघ."