काही असेल तर सांगा

वीस वर्षं हौशी आणि प्रायोगिक नाटकांत लहानसहान कामं करतोय. पानभर स्वगत पाठ होतं. ‘माझं नाटक आहे, या’ एवढं एक वाक्य मात्र अजून तोंडात बसलेलं नाही. आमच्या घरी आपल्या तोंडाने आपलं कौतुक करणं हे पाहुण्याच्या ताटातलं भजं उचलण्याइतकं वाईट समजत.

बरं, गप्प बसावं तर शेजारची माणसं प्रयोगानंतर पंधरा दिवसांनी जिन्यात अडवून म्हणतात, ‘अहो, कळवायचं तरी!’ आणि कळवलं की म्हणतात, ‘पास आहेत का?’

गेल्या महिन्यात मन घट्ट केलं. आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा मजकूर तीन दिवस घोटला: ‘शनिवारी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात छोटासा प्रयोग आहे, माझंही किरकोळ काम आहे, सवड असेल तर, आग्रह नाही.’ पाठवल्यानंतर मिनिटभरात पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना आली आणि सगळे अंगठे तिला मिळाले. मला एकच उत्तर आलं: ‘पार्किंगचं काय?’

ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला दिलंय, त्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानिकांच्या सांगण्यावरून. घरचा राजा असल्यावर सोसायटीचा ग्रुप कशाला लागतो? पण आश्रय सुटल्यावर त्यांनाही गावोगाव फिरावं लागलं आणि १८५३मध्ये मुंबईत येऊन खेळ लावावे लागले. संस्कृत नाटकवाले त्याहून धोरणी. नाटक सुरू होण्याआधीच सूत्रधाराने नाटकाची आणि नाटककाराची तारीफ करायची, अशी शास्त्रातच सोय. तिला नावही भारदस्त, प्ररोचना. मी तेच केलं की बायको म्हणते, ‘किती ते मीमी.’

धंद्यातली माणसं सांगतात, संपर्क वाढव. म्हणजे कुणाच्याही प्रयोगाला जायचं, मध्यंतरात निर्मात्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘काही असेल तर सांगा.’ त्याने म्हणायचं, ‘बघू.’ वाक्यं ठरलेली आहेत, तालमीची गरज नाही. त्याने ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं तर ‘दोन-तीन गोष्टी चालल्यात’ म्हणायचं. माझ्या दोन-तीन गोष्टी म्हणजे गुडघा आणि गृहकर्जाचा हप्ता.

तर परवा भावेलाच गेलो. मध्यंतर दहा मिनिटांचं, त्यातली सात बटाटेवड्याच्या रांगेत गेली. वडा इतका गरम की या हातातून त्या हातात खेळवत होतो, आणि नेमके तेव्हाच निर्माते शेजारी येऊन चहा ढवळू लागले. कार्ड खिशात, खिसा उजवीकडे, उजव्या हातात वडा. तो डावीकडे घेतला, कार्ड काढलं, घसा खाकरला. शेवटची घंटा व्हायला आली होती.

‘नमस्कार. मी... काही असेल तर...’

त्यांनी कार्ड घेतलं, मनापासून वाचलं. ‘नेरुळला राहता? वा! सोसायटी मोठी आहे का?’

‘चार विंग आहेत.’

‘मग गणपतीत आमचा प्रयोग लावा ना तुमच्याकडे. रकमेचं बसून ठरवू.’ आणि आपलं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात सरकवत म्हणाले, ‘काही असेल तर सांगा.’

मी म्हटलं, ‘बघू.’